पदीबाईच्या भिंती

माझं आयुष्यभराचं काम भिंतींत पुरलेलं आहे. सुताराने केलेलं कपाट पाहुणे उघडून बघतात, रंगाऱ्याचा रंग आवडला नाही तरी त्याची चर्चा होते, फरशीवाल्याच्या फरशीवर तर लोक चालतातच. वायरमनचं काम मात्र दिसता कामा नये. ते दिसलं, त्याचा वास आला किंवा आवाज आला, तर समजावं की काहीतरी बिघडलंय. पनवेल, करंजाडे, उलवे या पट्ट्यात मी कितीतरी घरांना वीज दिली, पण नातवंडांना हात धरून नेऊन 'हे बघा, हे आजोबांनी केलं' असं दाखवायचं म्हटलं, तर एक बटण दाबून दाखवण्यापलीकडे माझ्याकडे काही नाही. आणि हल्लीच्या नातवंडांना बटणाचं कौतुक नसतं.

आमच्या स्वतःच्या घराची बेल बरीच वर्षं बंद आहे. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण माझी बायको प्रत्येक पाहुण्याला माझ्यादेखत ऐकवते. मी म्हणतो, दार कसं वाजवलं यावरून माणूस ओळखता येतो, बेलवरून येत नाही. ती म्हणते, ओळखा, पण आधी बेल दुरुस्त करा. आता निवृत्त झालोय, तर या दिवाळीआधी तेवढं करायचं ठरवलं आहे.

ज्यांनी घर बांधताना पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भिंतीतली वायर थेट भिंतीत नसते. आधी पाइप बसतो आणि वायर नंतर त्या पाइपातून ओढतात. छतातले पाइप स्लॅब भरायच्या आधी सळ्यांना बांधून टाकावे लागतात. ते काम विसरलं तर पुढे रडत बसायचं. विटांच्या भिंतीत छिन्नीने किंवा मशिनने एक लांबट खाच मारतात. आम्ही तिला झिरी म्हणतो. झिरीत पाइप बसवायचा, खिळ्यांनी आणि सिमेंटने धरायचा, मग त्यावर गवंड्याचं प्लास्टर. प्लास्टर झालं की पाइप गेला. तो कुठून कुठे जातो हे त्यानंतर फक्त वायरमनला माहीत, आणि वायरमनलाही दुसऱ्या कामावर गेला की फारसं आठवत नाही.

म्हणूनच आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे. पाइप बोर्डापासून सरळ वर जायचा किंवा सरळ आडवा. तिरका कधी नाही. तिरका नेला तर पाइप वाचतो, वायर वाचते, वेळही वाचतो, आणि पुढे कधीतरी कुणीतरी भलत्या जागी खिळा मारतो. नियम पाळला तर निदान माणसाला अंदाज करता येतो की बोर्ड इथे आहे, म्हणजे त्याच्या बरोबर वर वायर असणार. पण लोकांना नेमकी तीच जागा आवडते. नवीन घरात गेलेला माणूस पहिला खिळा कुठे मारतो, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. दिवाणखान्यातल्या मोठ्या बोर्डाच्या बरोबर वर, मधोमध. तिथे वडिलांचा हार घातलेला फोटो लागतो. निम्म्या घरांत वडील गेल्यावरही मुलाचे दिवे घालवतात, ते असे.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर हा अख्खा दिवाळी अंक पुरणार नाही. एकच सांगतो. न्हावा शेव्याला कंटेनर ओढणारे एक मालक होते. स्वतःच ट्रेलर चालवत. त्यांना घराच्या फाटकावर दिव्याचं बटण हवं होतं, पण ट्रेलरच्या केबिनमधून खाली न उतरता हात पोचेल अशा उंचीवर. मी समजावून पाहिलं. ते म्हणाले, "दिवसभर चढउतर करून गुडघे गेलेत. दारात आल्यावर तरी उतरायला लावू नका." लावलं वर. मालक खूष. पुढे कळलं की घरातल्या बाकी कुणाचाच हात तिथे पोचत नाही, म्हणून त्यांच्या बायकोने फाटकाशी एक आंब्याची काठी कायमची उभी करून ठेवली आहे. तिन्हीसांजेला ती बाई काठीने दिवा लावते आणि काठीनेच विझवते. माझं नाव कसं घेत असेल ते मला ठाऊक आहे.

पण मला लिहायचंय ते पदीबाईबद्दल.

विमानतळासाठी इथली काही गावं उठली हे सगळ्यांना माहीत आहे. त्या गावांतल्या काही घरांचं वायरिंग पूर्वी मी केलेलं होतं. गावं रिकामी झाली, मशिनं लागली, तेव्हा एकदा तिकडून जाताना थांबलो होतो. भिंती अर्ध्या तुटलेल्या आणि त्यांतून माझेच पाइप वर आलेले. सरळ चढलेले, सरळ आडवे गेलेले. स्वतःचं काम मी पहिल्यांदाच असं उघडं पाहिलं. चांगलं केलं होतं. तेवढ्यात मशिनवाल्याने बाजूला व्हा म्हणून हात केला आणि मी निघालो. 

हसुराम त्याच गावांपैकी एका गावचा. आगरी माणूस, बापजादे मिठागरात राबलेले. करंजाड्याच्या अलीकडे त्याला बदली प्लॉट मिळाला होता आणि त्यावर तो एक मजली टुमदार घर बांधत होता. विटकाम झालेलं, प्लास्टर बाकी, आणि मी व माझा जोडीदार इक्बालभाई तिथे झिऱ्या मारत होतो. इक्बालभाई हा माणूस भिंतीवर नुसता हात थापटून वीट पोकळ आहे की भरीव ते सांगायचा. आमची जोडी जुनी होती. तो बोलायचा आणि मी चिडायचो.

तिसऱ्या प्रहरी हसुराम आईला घर दाखवायला घेऊन आला. पदीबाई बारीक, काटक म्हातारी. हाताचे तळवे मिठाने कायमचे खरबरीत झालेले. ती ओट्यापर्यंत आली, आतल्या भिंतींवरच्या झिऱ्या पाहिल्या, त्यांतले पाइप पाहिले.

"ये काय घालतान भितीन?" तिने मुलाला विचारलं.

"वायर जाते त्यातून, आये. वरून प्लास्टर केला का काय दिसाचा नाय."

पदीबाई ओट्यावरून मागे फिरली आणि बाहेर विटांच्या ढिगावर घराकडे पाठ करून बसली. "मी नाय ऱ्हाची या घरान," म्हणाली.

हसुरामने समजूत घातली, मग आवाज चढवला, मग पुन्हा समजूत घातली. म्हातारी हलली नाही. शेवटी तो माझ्याजवळ आला आणि डोक्याला हात लावून बसला. जुनं घर थोड्याच दिवसांत जायचं होतं. आई नव्या घरात पाऊल ठेवणार नसेल तर ती राहणार कुठे? भाड्याच्या खोलीत एकटी? "आईला भायेर ठेवून मी आत कसा झोपू, दादा," तो म्हणाला. "तिच्यासंगती मी पन खोलीन ऱ्हाईन. घर देईन भाड्यानं. पन गाव काय बोलंल?" आणि त्याने मला जे कळायला हवं होतं ते सांगितलं. त्याचे वडील विजेच्या धक्क्याने गेले होते.

इक्बालभाई छिन्नी खाली ठेवून ऐकत होता. तो म्हणाला, "मग आजीचा खौफ वाजिब आहे, भाऊ. यात हट्ट कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी जुन्या घराची वीज काढून द्यायची होती, कारण हसुरामला दरवाजे-चौकटी सोडवून न्यायच्या होत्या. मी गेलो तेव्हा पदीबाई घरातच होती. जुनं आगरी घर, पुढे ओटी, मागे स्वयंपाकाची खोली. वायर लाकडी पट्टीवरून भिंतीवरनं गेलेली, सगळी डोळ्यांसमोर. पट्टीवर क्लिपा मारलेल्या, वायरवर चुलीचा धूर बसलेला. मी ती सोडवत होतो, आणि पदीबाई माझ्या मागे मागे चालत होती. मधल्या भिंतीशी तिने मला थांबवलं.

"हतं," ती म्हणाली.

त्या जागी वायर पट्टी सोडून भिंतीत शिरली होती आणि पलीकडे स्वयंपाकाच्या खोलीत निघाली होती. मधे पाइप नाही, काही नाही. कुणा नातेवाइकाने हौसेने भोक पाडून नुसती वायर पलीकडे ओढली होती. मातीची भिंत, खारी जमीन, पावसाळा.

"पावसाचा आयला आगराशी," पदीबाई नवऱ्याचं सांगू लागली. "टोपला टांगाला भितीला हात टेकला. आवाज पन नाय केला त्यानं. मी चुलीशी व्हती. मना वाटला, बसलाय." तिने त्या भोकावर बोट ठेवलं. "सगली वायर दिसत व्हती, बाला. वितीभर दिसत नवती. त्या वितीभर वायरीनं नेला त्याला. आन तू तं सगलीच लपवतंस."

 आम्ही धंदेवाईक माणसं अडाणी भीती म्हणून हसण्यावारी नेतो, पण या बाईने बरोबर तेच धरलं होतं जे धरायला हवं. माणूस मेला तो विजेने खरा, पण त्याला ती विजेची जागा दिसत नव्हती म्हणून मेला. मला तिची दया आली नाही, आदर वाटला. मी तिला म्हणालो, "आई, लपवणार तर आहेच. पण लपवायच्या आधी तुम्ही सगळी बघा. तुम्ही बघून झाल्याशिवाय मी प्लास्टर करू देणार नाही."

 "सगली?" तिने विचारलं.

"सगळी."

झालं, ती रोज येऊ लागली. सकाळी भाकर खाऊन यायची आणि एकेक भिंत घ्यायची. डोळ्यांना कमी दिसायचं तिला, मोतीबिंदू पिकत होता, म्हणून ती पाइपावर तळहात ठेवायची आणि खालून वर, मग आडवी, अशी हात फिरवत चालायची. प्रत्येक ठिकाणी विचारायची. ही कुठली? पंख्याची. ही? देवघराची. ही इतकी जाडी का? ती पाणी तापवायच्या गिझरची, तिला जास्त वीज लागते. मग पुन्हा पहिल्या भिंतीशी जाऊन मला म्हणून दाखवायची. चुकली तर मी सांगायचो, बरोबर आली तर इक्बालभाई "शाब्बास आजी" म्हणायचा. प्लास्टरचा गवंडी बाहेर बिड्या ओढत बसलेला आणि हसुराम माझ्याकडे दीनवाणं बघत. मी त्याला म्हटलं, गवंडी थांबला तरी थांबू दे, आई थांबायला नको.

कोठीच्या खोलीत खांब आडवा आला होता, म्हणून इक्बालभाईने पाइप जरा तिरका वळवायला घेतला होता. म्हातारीचा हात तिथे आला आणि थांबला. "ही वाकरी का?" तिने विचारलं. मी इक्बालभाईकडे पाहिलं. त्याने झिरी बुजवायला घेतली. नंतर चहा पिताना मला म्हणाला, "भाऊ, तू कमी होतास काय, की अजून एक सुपरवायझर आणलास?"

तरी ती घरात राहायला तयार झाली होती असं नाही. "बगितली मी," एवढंच म्हणायची. "बगितली म्हंजे मारनार नाय का?" हा तिचा प्रश्न बरोबरच होता. त्याचं उत्तर अर्थिंगच्या खड्ड्यात मिळालं.

अर्थिंग म्हणजे सोप्या भाषेत, चुकलेल्या विजेला जमिनीत जायला आपण स्वतःहून ठेवलेली वाट. घराच्या मागे खोल खड्डा घ्यायचा, त्यात धातूची पट्टी उभी करायची आणि भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे. मीठ ओल धरतं आणि ओल्या जमिनीत वीज पटकन उतरते. हल्ली तयार पावडरीच्या पिशव्या मिळतात, पण मी शेवटपर्यंत कोळसा-मिठावरच राहिलो. त्या दिवशी मी बाजारातून मिठाच्या पुड्या आणल्या होत्या. पदीबाईने एक पुडी फाडली, चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"ये मीठ?" ती म्हणाली. आणि हसुरामला गाडी काढायला लावून निघून गेली.

दुपारी परत आली ती टोपलीत खडे मीठ घेऊन. ओळखीच्या मिठागरातून आणलेलं, राखी रंगाचं, ओलसर, मोठमोठे खडे. खड्ड्याच्या काठावर बसून तिने मला विचारलं, "बाला, करंट मिठान जातो?"

"जातो. वायर कुठे उघडी पडली, तर वीज या पट्टीवरून खाली येते, मिठात, कोळशात आणि मग जमिनीत. माणसाकडे यायच्या आधी तिला ही वाट मिळते."

"मीठ दिष्ट काढता, तसा?"

आता यावर शास्त्रीय खुलासा करण्याइतका मी मूर्ख नव्हतो. "तसंच," म्हटलं. पण दृष्ट काढण्यावर तिला सोडून द्यावं असंही मला वाटेना. तिने भिंती पाठ केल्या होत्या, तिला पुढचंही कळायलाच हवं होतं. मी तिला मेन बोर्डाशी नेलं आणि ईएलसीबी नावाची छोटी पेटी दाखवली. "ही पेटी घरात किती वीज गेली आणि किती परत आली हे सारखं बघत असते. जेवढी गेली तेवढी परत आली तर ठीक. कमी आली, तर वाटेत कुठेतरी गळली. भिंतीत म्हणा, नाहीतर माणसाच्या अंगातून म्हणा. तशी गळली की त्याच क्षणी ही पेटी सगळं बंद करते. कुणाला विचारत नाही."

पदीबाईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "आमचे आगराव तसाच व्हता," ती म्हणाली. "भरताना टोपल्या मोजाच्या, वततानाशी मोजाच्या. कमी झाली का मुकादम काम बंद करून उबा." मग पेटीकडे बोट करून म्हणाली, "यो मुकादम."

खड्ड्यात मीठ तिने स्वतःच्या हाताने ओतलं. मी तिला सांगितलं की उन्हाळ्यात जमीन सुकते, तेव्हा यात पाणी घालावं लागतं, नाहीतर वाट बंद होते. लोक विसरतात. वरून शोभेच्या लाद्या बसवून टाकतात आणि खड्डा होता हेही त्यांना आठवत नाही. "मी नाय इसराची," ती म्हणाली.

घरभरणीच्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. दारात दोन्ही सुना, हसुरामची बायको आणि त्याची भावजय, आरती घेऊन उभ्या. पदीबाई आधी घराला वळसा घालून मागे गेली, खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं, पुढे आली आणि उजवं पाऊल आत टाकलं. आत गेल्यावर देवाच्या आधी ती मधल्या भिंतीशी थांबली. गुळगुळीत भिंत, वर रंग, कुठे काही दिसत नव्हतं. बोर्डाच्या वर तिने तळहात टेकला आणि तसाच ठेवला.  हसुरामकडे मला बघवेना. मग ती हात काढून म्हणाली, "चला, देवाचा करा." हसुराम मागच्या दाराने बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. इक्बालभाईने मटणाच्या ताटावर बसेपर्यंत एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समजावं.

पुढे मी वर्षातून एकदा तिकडे जायचो, पेटीचं चाचणीचं बटण दाबून पाहायला. पदीबाईचा मोतीबिंदू काढला, पण नजर फारशी आली नाही. तरी घरात कुणी हातात हातोडी घेतली की ती उठून यायची. टीव्ही लावायला आलेल्या माणसाला तिने भिंतीवर हात फिरवून जागा दाखवली, हे हसुराम सगळ्यांना सांगायचा. रोजचा तांब्या चुकला नाही. सुना तुळशीला पाणी घालत आणि सासू अर्थिंगला.

मग हसुरामच्या मुलीचं, साक्षीचं लग्न ठरलं. हळदीचं निमंत्रण आम्हाला होतंच. आगऱ्यांची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं. लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला आला नाही तर भांडण होतं. मी संध्याकाळी जायच्या तयारीत होतो, तेवढ्यात साक्षीचा फोन आला. "काका, लवकर या. लाइट गेलीय आणि आजी कुणाला मेनला हात लावू देत नाय."

मी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ. मांडवात माणसं दाटलेली, डीजे मुका, हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका हातपंख्याने वारा घेत बसलेल्या. हसुराम कुणाला तरी आणायला पनवेलला गेलेला. आत मेन बोर्डाखाली पदीबाई खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर काठी आडवी. समोर डेकोरेशनवाला आणि हसुरामचे दोन-तीन पुतणे.

"दादा, सांगा आता तुमीच," पुतण्या मला म्हणाला. "पेटी सारखी पडते. डीजेचा लोड हाय, बाकी काय नाय. हा बोलतो, पेटी काढून डायरेक्ट जोडतो, पाच मिनटाचा काम. पन आजी बसलीय."

"लोकं ताटकलतान ते कललं मना," पदीबाई म्हणाली. "पन मुकादम उगा काम बंद नाय करत. कटंतरी गलतंय."

हळद अडून बसली होती आणि पाव्हण्यांच्या नजरा म्हातारीवर होत्या. लोकांसमोर घराची शोभा करते म्हणून एक सून रडकुंडीला आली होती. मी डीजेची वायर सोडवायला लावली आणि पेटी वर केली. ती पुन्हा पडली. म्हणजे लोड नव्हता. मी पदीबाईला विचारलं, "आई, आज कुणी भिंतीत काही ठोकलं?"

"फुलवाल्यानं. ओट्याव. मी आवाज आयकला, पन जाईपरेंत त्यानं फुला लावली व्हती. बोलला, आजी, काय नाय केला."

ती उठली. मी मेन स्विच पाडला आणि तिच्या मागे ओट्यावर गेलो. ओट्यावरच साक्षीचा पाट मांडलेला होता. पाठीमागे फुलांची भलीमोठी लोखंडी चौकट उभी केलेली, ती पडू नये म्हणून भिंतीला तारेने आवळलेली. पदीबाई बाहेरच्या बोर्डाशी गेली, त्यावर तळहात ठेवला आणि हात सरळ वर नेत गेली. झेंडूच्या माळांत हात घातला आणि थांबली.

"हतं," ती म्हणाली.

बोर्डाच्या बरोबर वर, मधोमध खिळा. मी पक्कडीने उपटला. टोक काळं पडलं होतं. खिळ्याला बांधलेली तार चौकटीला, म्हणजे ती अख्खी चौकट विजेवर. आणि तिच्यापुढे हातभर अंतरावर साक्षी बसणार होती, ओल्या हळदीने माखून, ओल्या पाटावर. पेटी काढून डायरेक्ट जोडलं असतं तर काय झालं असतं हे मला उभ्या उभ्या कळलं.  मी ओट्याच्या पायरीवर बसलो. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी एवढा कधी घाबरलो नव्हतो.

मग मी उठलो. त्या पाइपातली खराब वायर मोकळी करून बंद केली, बाकीचं घर चालू केलं. पेटी वर राहिली. मांडव उजळला, डीजेने लगेच आभाळ डोक्यावर घेतलं, आणि कोण कशावरून अडलं होतं हे सगळे विसरले. डेकोरेशनवाल्याने चौकट दोरीने खांबाला बांधली आणि माझी नजर चुकवत राहिला.

हळद लागून झाल्यावर मी पिशवी घ्यायला आत आलो तर पदीबाई पुन्हा त्याच खुर्चीत. विधवा म्हणून हळद लागताना ती तिथे थांबली नव्हती. जुनी रीत, तिची तीच पाळायची. तिने हात पुढे केला. मी खिळा तिच्या तळहातावर ठेवला. तिने टोक अंगठ्याने चाचपलं.

"पोर कटं बसनार व्हती?"

खोटं बोलायचं नव्हतं. "तिथंच, आई."

 मग म्हणाली, "त्याच्या येलेला असा मुकादम असता तं." आणि खिळा पदराच्या गाठीत बांधला.

तेवढ्यात साक्षी आत आली. गालांवर, दंडांवर हळद, केसांत अक्षता. मागून एक आत्या "अगो, तिला नको" म्हणत होती. साक्षीने ऐकलं नाही. आजीच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि तिच्या गळ्यात पडली. म्हातारी आधी ताठ झाली, मग तिने नातीच्या पाठीवर हात ठेवला. साक्षी गेल्यावर पदीबाईने गालावरची थोडी हळद बोटावर घेतली, उभी राहिली, चाचपडत बोर्डाशी गेली आणि ईएलसीबीच्या झाकणावर एक बोट टेकवलं. मग उरलेली माझ्या कपाळाला लावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी डीजेच्या धुरावर ढकललं.

आता मी काम बंद केलं आहे, तरी त्या घरी वर्षातून एकदा जातो. पेटीचं बटण दाबतो, ती पडते, वर करतो, चहा घेतो. झाकणावरचा पिवळा डाग थोडा फिका झालाय, पण आहे. मध्ये हसुरामने घर रंगवायला काढलं. रंगारी पोरगा शिडीवरूनच बोर्डावरचा तो डाग पुसायला ओला फडका घेऊन वाकला होता. पदीबाईने काठी उचलली आणि तो खाली उतरला.